लेकुरवाळी मरळ

बाळंतपणाला मी मंगरूळपीरजवळच्या माहेरी आले, बाळ झालं आणि आठव्याच दिवशी घरात भांडण पेटलं, ते एका माशावरून.

बाळाला दूध पुरत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, पण माझ्या मायचा, मनकर्णाबाईचा, विश्वास मरळीवर. मरळीचा रस्सा प्यायला की बाळंतिणीला पान्हा फुटतो, हे आम्हा मासेमार भोयांच्या घरात कुणी तपासत बसत नाही. बाबा, म्हणजे जगदेव भोई, तीन दिवस डोंगराखालच्या तलावावर जाळं घेऊन गेले आणि तिन्ही दिवस हात हलवत परत आले.

"तलाव आटला का मासे मेले?" मायने विचारलं.

"मरळ दिसली," बाबा म्हणाले. "पन लेकुरवाळी हाये. लाल लाल पिलांचा गोळा पान्यावर, अन् थे खालून राखन करून राह्यली. तिले धरली तं पिलं घंटाभरात दुसरे मासे खाऊन टाकतीन."

"अन् इथं पोरीचं लेकरू रडून राह्यलं, थे नाई दिसत तुमाले?"

बाबा जाळं झटकायला लागले. पिलांवरची मरळ धरायची नाही, हा त्यांच्या बापापासूनचा नेम. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. मायच्या तोंडाचा पट्टा दिवेलागणीपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा हातभर लांब मरळ घेऊन आले. "घे," एवढंच म्हणाले आणि कुणाकडे न बघता हातपाय धुवायला गेले. माय मासा साफ करायला बसली. मी बाळाला घेऊन शेजारीच होते. माशाच्या जबड्यातून तिने लोखंडी गळ काढला. आमच्या घरात तीन पिढ्या जाळ्याशिवाय दुसरं काही नाही; गळ टाकून बसणाऱ्याला बाबा आळशी म्हणतात. म्हणजे मासा बाजारातला होता. अख्खा बाजार ज्याला ओळखतो, तो भोई मासा विकत घ्यायला उभा राहिला होता.

मायने गळ चुलीच्या राखेत खुपसला आणि मला डोळ्यांनी दटावलं.

रश्श्याच्या वासावर शेजारची ज्योत्स्नाकाकू दारात आली. "जगदेवभाऊनं धरली वाटते मरळ?"

"मंग? भोयाच्या घरी मासा काय इकत येते?" माय म्हणाली.

तीन दिवसांनी बाळ पोटभर पिऊन झोपलं. गोळ्यांनी की रश्श्याने, कोण जाणे. माय गल्लीभर बाबांची कर्तबगारी सांगत सुटली. शेवटी बाबांनाच राहवेना. तिला आत बोलावून ते म्हणाले, "थो मासा मी इकत आनला होता."

"मले मालूम हाये," माय म्हणाली. "तुमचा नेम राह्यला, लेकराले दूध आलं. लोकाइले काय सांगाचं थे माह्यावर सोडा अन् जेवाले बसा."

बाबा पाटावर बसले. आठवड्यात पहिल्यांदा ते पोटभर जेवले.