नळाचा विसावा

सिरकोट कसब्याच्या नळाची मोजदाद मी निजामी १३४७ फसलीच्या खुर्दाद महिन्यात, ऐन उन्हाळ्यात केली. टेकडीवरच्या तळ्यापासून शेवटच्या हौदापर्यंत अंतर दोन हजार चारशे हात. भाजलेल्या मातीचा एकेक नळ सव्वा हात लांब, म्हणजे एकूण नळ एक हजार नऊशे वीस. हे मोजलेले नाहीत, भागून काढलेले आहेत; कारण ते सगळे जमिनीखाली होते. वाटेत दगडी उसासे नऊ. नळातली हवा बाहेर जावी म्हणून बांधलेल्या पोकळ मनोऱ्याला आमच्याकडे उसासा म्हणत; आत उतरायला त्याच्या भिंतीत खाचा असत. हौद पाच, त्यांपैकी चालू तीन. चौथ्या आणि पाचव्यापर्यंत पाणी पोचेनासे होऊन बारा वर्षे झाली होती. नळावरची जमीन भर उन्हाळ्यात ओली दिसते अशा जागा तेवीस. सहाव्या आणि सातव्या उसाशांच्या मधे, नळापासून अकरा हातांवर, बाजाराचे डबके एक. गावाच्या सगळ्या मोऱ्या त्यात येत. तिसऱ्या हौदावर भरणारी घरे त्रेसष्ट. त्या घरांत तीन आठवड्यांत हगवण-वांतीने पडलेली माणसे सोळा, गेलेली पाच.

त्रेसष्टांतले एक घर आमचे होते. माझी मोठी बहीण जानकी आठव्या महिन्यात माहेरी आली होती. तिचे पहिले मूल सातव्या दिवशी गेले होते. या खेपेला आईने तिला कुठेही पाठवायचे नाही, उंबऱ्याबाहेर कुणाकडचे काही खायचे नाही असा नेम केला होता. पाण्याचे मात्र तिच्या हातात नव्हते. गावातल्या आडांचे पाणी मचूळ. पिण्याला हौदच.

मी त्याच वर्षी हैद्राबादेहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि नोकरीच्या पत्राची वाट पाहत घरी बसलो होतो. पहिल्या मरणाच्या दुसऱ्याच दिवशी मी आईला सांगितले, पाणी उकळून प्यायचे.

"दोन घागरी रोज उकळायच्या?" आई म्हणाली. "सरपण तू आणून देतोस का?"

"आणून देतो."

दिले. बारा दिवस आमच्या घरात उकळलेले पाणी प्यायले गेले. जानकी तोंड वाकडे करी. "निस्तं धुराचं लागतंय रे, भिमू. पाणी हाय का काढा?" पण प्यायची.

मला एक गोष्ट दिसली होती. माणसे पडत ती बुधवारी, गुरुवारी, फार तर शुक्रवारी. शनिवारी-रविवारी नवे कुणी पडत नसे. सोळांपैकी चौदा तशी होती. काय कारण असावे ते मला कळेना, पण डबक्यावर माझा संशय होता. त्या वर्षी सरकीच्या गाड्यांनी डबक्याच्या कडेने नवी वाट पाडली होती आणि ती नळावरून जात होती. नळ जुना, तीनशे वर्षांचा तरी. भरल्या गाडीखाली तो तडकला नसेल असे मानायला काही आधार नव्हता.

नळाची राखण काशप्पाकडे. त्याच्या आज्याकडेही तीच होती. पहाटे तळ्याच्या तोंडातली बुचासारखी सागवानी गुडदी तो काढी, दिवस मावळता लावी. सोमवारी मात्र काढत नसे. आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तीच रीत नळालाही होती. रविवारी संध्याकाळी लावलेली गुडदी मंगळवारी पहाटे निघे. मधल्या दिवसाला 'नळाचा विसावा' म्हणत. लहानपणापासून पाहिल्यामुळे मला त्यात विचार करण्यासारखे काही दिसले नव्हते.

अंकुशराव आमच्या गल्लीतले मोठे दुकानदार. हौदाचा बंदोबस्त तेच पाहत. तळ्याच्या आवाराची किल्ली त्यांच्या कमरेला. मी त्यांना गाठून म्हणालो, "काका, डबक्याचं पाणी नळात शिरतंय असं मला वाटतं. दाखवून देतो. मला चार पोती मीठ द्या."

"मीठ?" ते हसले. "डबक्याचं लोणचं घालायलास का काय?"

दुकानावरची माणसे हसली. मी समजावून सांगितले. डबक्यात मीठ टाकायचे. माझ्याजवळ रूपक्षाराचे, म्हणजे चांदीच्या क्षाराचे पाणी आहे, काळ्या बाटलीत. मिठाच्या पाण्यात त्याचे थेंब टाकले की पांढरा साका पडतो. थेंब मोजले की लाख भागात किती मीठ ते निघते. तिसऱ्या हौदात मीठ वाढलेले दिसले, तर डबके नळात शिरते हे सिद्ध झाले.

"आन न्हाई दिसलं तर?"

"तर डबकं शिरत नाही."

"बरं. हे चारचौघांत करून दाखव," अंकुशराव म्हणाले. "मग गाव म्हणंल तसं."

शुक्रवारी सकाळी चार पोती मीठ डबक्यात ओतून मी स्वतः बांबूने ढवळले. लोक नाकाला धोतर लावून बघत होते. शनिवारी दुपारी हौदाच्या पायरीवर मेज मांडले, काचेची नळी उभी केली. पाच-पन्नास माणसे जमली. पहिल्या हौदाचे पाणी, मग तिसऱ्याचे. मी प्रत्येकी तीन वेळा मोजले.

"किती?" अंकुशरावांनी विचारले.

"पहिल्यात लाखात सहा."

"आन आपल्या?"

"सहा."

 मग आमच्या शेजारच्या राजूबाई पुढे आल्या. त्यांचा थोरला मुलगा त्या पाचांतला एक होता. "म्हंजे पानी चांगलं हाय म्हन की. बारा दिस तुझ्या आईच्या, शारदाबाईच्या चुलीला उगंच जाळ घातलास. आमच्या लेकरांकडं बघून नाक मुरडायलास, जसं काय आमी गटाराचं पितोय."

"राजूमावशी, मी नाक—"

"ऱ्हाऊ दे. काशप्पा, तू बोल. आज्या काय सांगत होता तुझा?"

काशप्पा खाली बघत म्हणाला, "सांगायचं काय, अक्का. नळ दमलाय. संक्रांतीच्या टायमाला बिदरचा सायब आला, त्येच्या घोड्यास्नी पानी पायजे म्हून सोमवारी गुडदी काढली. मी नको म्हनलो होतो. तवापास्नं त्येचा दम मोडलाय."

"मग विसावा वाढवा," मागून कुणी तरी म्हणाले.

"एका दिसाची रीत हाय," काशप्पा म्हणाला. "दोन दिसाची न्हाई."

"दमला तर दोन दिस लागतेतच की," राजूबाई म्हणाल्या. "बैल आजारी पडला तर तू त्येला मंगळवारी नांगराला जुपतोस का?"

  मी आकडा वाचून दाखवला होता आणि आकडा बरोबर होता. अंकुशरावांनी ठरवून टाकले. रविवारी संध्याकाळी गुडदी लावायची आणि बुधवारी पहाटे काढायची. जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नको. शिकलेला हाईस, दाखवून दिलंस. तुझ्यामुळंच पाण्यावरचा आळ गेला."

घरी आलो तेव्हा आईने चुलीवरची मोठी पातेली उतरवली होती. "आता उकळायचं कारण न्हाई. तूच म्हणालास ना सगळ्यांसमोर?"

"आई, अजून थोडे दिवस उकळ. कारण काय ते कळलेलं नाही."

"कारण न कळता किती दिवस जाळू? सरपण संपलंय."

जानकी खांबाला टेकून बसली होती. "उकळलेलं मला पोटात ठरंना झालंय, भिमू. बाळ पण लाथा मारायलंय." ती हसली.  माझ्या वहीत सहा लिहिलेले होते, आणि सहाला धरून माझे म्हणणे टिकत नव्हते.

सोमवार गेला. मंगळवारी घरोघरच्या घागरी तळाशी आल्या. संध्याकाळी मुले हौदाच्या कोरड्या तळात उतरून खेळत होती. त्या दिवशी नवे कुणीही पडले नाही, आणि ते पाहून गाव खूष झाले. विसावा लागू पडला, असे म्हणू लागले.

मला चैन नव्हते. नळातून पाणी किती वेगाने येते तेवढे तरी मोजून ठेवावे, म्हणून बुधवारी उजाडता उजाडता घड्याळ, कंदील आणि दोन बाटल्या घेऊन मी सहाव्या उसाशाशी गेलो. काशप्पा टेकडी चढताना दिसला. मी खाचांत पाय देऊन आत उतरलो. तळाशी एका बाजूने नळ येऊन दुसऱ्या बाजूने पुढे जात होता.

अडीच दिवस बंद असलेला नळ कोरडा असायला हवा होता. पुढच्या नळाच्या तोंडाशी कान नेला तर आतून आवाज येत होता. बारीक, न थांबणारा. वाकून कंदील धरला. सव्वा हातावर, डबक्याकडच्या अंगाला, नळाच्या काठाला एक बोटभर चीर होती आणि तिच्यातून काळपट पाण्याची धार आत पडत होती. पुढे नळ खोलगट झाला होता, तिथे ते साचून राहिले होते. त्याच्यापुढेही, जिथवर उजेड पोचत नव्हता तिथवर, तसाच आवाज येत होता; एका चिरेचा नव्हे, पुष्कळ चिरांचा. हात लांब करून ओल्या काठाला बोट लावले आणि जिभेवर ठेवले. खारट.

मग मला कळले. नळ भरलेला असतो तेव्हा चिरांतून पाणी बाहेर जाते. वरच्या तेवीस ओल्या जागा त्याच्याच. नळ रिकामा असतो तेव्हा बाहेरचे आत येते; रोजच्या रात्रीत थोडेसे, विसाव्याच्या दीड दिवसात पुष्कळ. मी शनिवारी, भरल्या नळाची परीक्षा घेतली होती. मंगळवारी पहाटेचे पहिले पाणी घेतले असते तर आकडा वेगळा आला असता. माणसे बुधवारी का पडतात तेही आता उघड होते. आणि या वेळी नळ एकाऐवजी दोन दिवस रिकामा होता.

तेवढ्यात वरच्या नळातून थंड हवा तोंडावर आली. काशप्पाने गुडदी काढली होती. तिने कंदील विझला; अंधारात खाचा चाचपडत वर यायला बराच वेळ गेला, मग मी हौदाकडे पळालो.

मी पोचलो तेव्हा हौदाच्या तोटीतून जाड धार पडत होती. बाया रांगेत होत्या, पुढच्या दहा-बारा घागरी भरून गेल्याही होत्या. मी तोटीसमोर उभा राहिलो.

"हे पाणी भरू नका! दोन तास वाहून जाऊ द्या. डबक्याचं पाणी आत शिरलंय, मी आत्ता बघून आलो."

"वाहून जाऊ द्या?" रांगेतली सोजराबाई म्हणाली. "दोन दिस घसा कोरडा पडलाय आन ह्यो म्हनतोय वाहून जाऊ द्या!"

"भीमराव, शनवारी सहा, आज किती?" कुणी तरी ओरडले. हशा पिकला.

अंकुशराव पुढे आले. "अरे, कामून ओरडायलास? तूच मोजलंस, तूच सांगितलंस."

"काका, तेव्हा नळ भरलेला होता. रिकामा असला की—"

"आता भरलेलाच हाय की," ते धारेकडे बोट दाखवत म्हणाले. "बघ, कसं काचंसारखं पडायलंय. बाजूला हो. बायामाणसांना भरू दे."

धार खरोखरच स्वच्छ दिसत होती. डबक्याचा काळेपणा एवढ्या पाण्यात दिसण्यासारखा नव्हता. मी हलत नाही असे पाहून दोघांनी मला दंडाला धरून पायरीवरून खाली आणले. तशातच मी एक बाटली तोटीखाली धरली, आणि मग मला दिसले की रांगेत आमची आई नव्हती.

"आई कुठंय?"

"शारदाबाई व्हय?" राजूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता. "तिला कशाला रांगेत उभं करू? घरात दोन जिवांची बाई हाय. पैली घागर माझी होती, तीच दिली तिला."

मी घरी पळत आलो. आई परसात गाईला पाणी दाखवत होती. जानकी माजघरात खांबापाशी बसली होती, मांडीवर तांब्या. तिने पदराने तोंड पुसले.

"किती प्यालीस?"

"दोन तांबे झाले. का रे? असा कामून बघायलास?" ती म्हणाली. "खरंच विसावा मानवला बघ नळाला. आज पाण्याला चव हाय."

मी तिच्या हातातून तांब्या घेतला. त्यात अर्धे पाणी होते. आईला हाक मारून घरातल्या सगळ्या घागरी ओतायला सांगितल्या, चूल पेटवायला सांगितले. पहिल्या हौदावरून शेजारच्या वीरण्णाकडून एक बाटली आणवली. मग मेज ओढले, काचेची नळी लावली आणि तिन्ही पाण्यांची प्रत्येकी तीन वेळा मोजणी केली. जानकी दाराशी उभी राहून बघत होती.

पहिला हौद: लाखात सहा. तिसरा हौद, तोटीखालची बाटली: लाखात एकोणतीस. जानकीचा तांब्या: लाखात सत्तेचाळीस.