सीटखालची पेटी आणि आर्सेसिओचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. खरं तर मला डोकं नव्हतंच, ते मागच्या महिन्यात बसवलं!

सत्तर वर्षं मी कोलंबियातल्या किंदिओच्या डोंगरात कॉफीची पोती, केळीचे घड आणि मागच्या फळीवर लटकलेली माणसं वाहिली. त्यातली चाळीस वर्षं आर्सेसिओच्या हाताखाली. उतारावर तो ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. कारण एकदम दाबला, की चाकं जाम होऊन मी घसरायचे. लोक म्हणायचे, "पाय असावा तर आर्सेसिओसारखा!"

मग त्याची लेक निदिया मेकॅनिक होऊन आली. तिने माझा कार्बुरेटर काढला, चाकांपाशी तारा ओढल्या आणि सीटखाली एक पेटी बसवली. आता मी पेट्रोल किती प्यायचं ते पेटी ठरवते. चाक जाम होऊ लागलं, की ब्रेक पेटीच सोडते, पेटीच लावते. मी पार चक्रावून गेले.

पहिल्याच शनिवारी, बाजाराच्या उतारावर गाय आडवी आली. आर्सेसिओने ब्रेक दाबला. पेटी कामाला लागली आणि पेडल त्याच्या तळव्याखाली थडथडू लागलं.

"गेला! ब्रेक गेला!" ओरडून त्याने पाय उचलला.

पेटी म्हणे थांब, पाय म्हणे चल. मी ऐकायचं कुणाचं? कठड्याला घासत कशीबशी थांबले. गाय वाचली. मागे बसलेली रोसाउरा कोंबड्यांची टोपली घेऊन तरातरा उतरली.

"म्हाताऱ्या, आता घरी बस! मी आपली पायी जाते."

बाकीचेही उतरले. घरी येऊन आर्सेसिओने किल्ली लेकीपुढे टाकली. "घे. तुझ्या पेटीलाच चालवू दे."

निदियाचा चेहरा पडला. "बाबा, चूक माझी आहे. पेडल थरथरतं म्हणजे ब्रेक काम करतो, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. पाय काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला फुटबॉलच्या मैदानातल्या चिखलात नेलं. "दाबा! धरा! अहो बाबा, धरा ना!" चौदा वेळा पाय उचलला गेला. पंधराव्या वेळी तो हलला नाही. मी सरळ थांबले.

"अरे तिच्या! सगळं ही पेटीच करते. मग माझं काय काम?"

"कुठे थांबायचं, ते तिला कुठे कळतं?" निदिया म्हणाली.

मित्रांनो, ब्रेक नेमकं कोण लावतं, हे मला अजून उमगलेलं नाही. पण हात जोडून सांगते, जुन्या गाडीला नवी यंत्रं बसवाल, तेव्हा तिच्या जुन्या माणसाशेजारीही घटकाभर बसा. निदियाला मला बदलायला महिना लागला. बापाला शिकवायला एक दुपार पुरली, पण ती दुपार आधी यायला हवी होती.

आर्सेसिओ पुन्हा मला चालवतो. माणसंही चढतात. रोसाउरा मात्र अजून पायीच जाते.