राजाच्या नावातली रेघ

मित्रांनो, दिल्लीच्या करोल बागेतल्या एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेआड, पुठ्ठ्याला चिकटवलेला काळाकुट्ट कागद म्हणजे मी. एका प्राचीन हिब्रू शिलालेखाचा जुना ठसा. वय झालं तरी जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती, कारण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी जेरुसलेमजवळच्या उत्खननात तरुण श्रीपादरावांनी मला ओला करून दगडावर पसरलं, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवलं आणि वरून शाईचा बोळा फिरवला. खाचेत शाई पोचत नाही, म्हणून काळ्यावर अक्षरं पांढरी दिसतात. पण त्या दिवशी मेला वारा सुटला होता! माझ्या अंगावर बारीक चुणी पडली आणि तिच्यातही शाई गेली नाही. वाळल्यावर चुणी उलगडली, पांढरी रेघ मात्र राहिली.

त्या रेघेसकट वाचलं तर लेखात एका राजाचं नाव निघत होतं. श्रीपादरावांचं केवढं कौतुक झालं! त्याच जोरावर दिल्लीत प्राध्यापकी मिळाली. पुढे मूळ दगड फुटला आणि मीच एकमेव पुरावा उरलो. खरी खाच कागदाच्या पाठीवर उंचवटा होऊन उठते, चुणी उठत नाही. पण मला जपायचं म्हणून त्यांनी चारी कडांना खळ लावून मला पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि नेमकी माझी पाठच मायेने झाकून टाकली. तेव्हापासून मी तळमळत होतो.

यंदा त्यांची विद्यार्थिनी अक्षता वाद घालू लागली. बीडहून स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलेली ही मुलगी जुन्या लिप्यांतच रमली होती.

"सर, ही रेघ बाकीच्यांपेक्षा बिल्कुल वेगळी आहे. छिन्नीची वाटतच नाही."

"चाळीस वर्षं जाणकार हेच वाचतायत. आणि तू काल आलीस!"

"मग पाठ बघू या ना."

"आणि सोडवताना फाटला तर? तुझ्या प्रबंधात हा मुद्दा राहिला, तर मी त्यावर सही करणार नाही."

अक्षता डोळे पुसत जिना उतरली. मी काचेआड नुसता चडफडत राहिलो.

सरांच्या पत्नी अहिल्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. "अहो, खात्री आहे ना तुमची? मग घाबरता कशाला? चलो, खळ सोडवायला मी पाणी कोमट करते."

"आज नको," म्हणत सर आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी स्वतःच चौकट उतरवली. ओल्या फडक्याने कडा भिजवता भिजवता दुपार झाली. माझा एक कोपरा फाटला. मला दुखलं, पण इतका आनंद कधी झाला नव्हता! सरांनी मला पालथा करून बोट फिरवलं. अक्षरं एकेक करून बोटाला लागली. रेघेच्या जागी सपाट. पुन्हा फिरवलं, पुन्हा सपाटच. सरांनी मला अलगद वाळत ठेवलं.

मग त्यांनी फोन लावला. "अक्षता, ये. सही करतो." ते पुढे म्हणाले, "राजा नाही गं तो." आणि रेघ सोडून उरलेलं ते साधंसुधं नाव त्यांनी सावकाश, दोनदा वाचलं. "कोण होता देव जाणे. पण दगडावर नाव त्याचंच होतं."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण कोणी त्या उलटून पाहू म्हटलं, तर अडवू नका. आम्हाला जपण्याच्या नादात चाळीस वर्षं एका माणसाचं नाव कोणी घेतलं नव्हतं.