झाकलेला सूर

ट्रम्पेटच्या माउथपीसच्या कडेला कुठेतरी ओरखडा असणार. तिने अंगठ्याचं नख कडेवरून गोल फिरवलं, मग उलटं फिरवलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं — असलाच पाहिजे, एवढासा तरी, ओठाला कळेल आणि डोळ्याला दिसणार नाही असा — कारण ओरखडा असला तर दोष पितळेचा, आणि पितळेचं काय, ते बदलता येतं. माउथपीस गार होता. गुळगुळीत होता. एकवीस वर्षं टेकवून टेकवून एका बाजूचा मुलामा उडाला होता, एवढंच. आणि ते तिला कालही माहीत होतं.

सकाळच्या तालमीत तसं काहीच घडलं नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं धरून चालायला हरकत नव्हती... शेवटच्या भागात ट्रम्पेटच्या रांगेने शहाण्णव मात्रा गप्प बसायचं. व्हायोलिनं सावकाश वर चढत जातात, आपण मांडीवर वाद्य ठेवून मोजायचं, आणि सत्त्याण्णवाव्या मात्रेला पहिल्या ट्रम्पेटने एकटीने वरचा सूर लावायचा. आठ मात्रा धरायचा. तिने मोजलं, श्वास घेतला, माउथपीस टेकवला, फुंकलं — आणि ओठाचा उजवा कोपरा, गेले चार महिने अधूनमधून आपल्या मर्जीने फुरफुरणारा तो कोपरा, ओल्या हातातून साबण सुटावा तसा सुटला. नळीतून नुसती हवा गेली. कोरडी, फुसकी हवा. तिला ती दातांवर जाणवली. आणि त्याच क्षणी सभागृहात सूर वाजला. भरलेला, स्वच्छ, पुरत्या आठ मात्रा. वाद्यवृंदाच्या संचालकांनी मान डोलावली आणि सगळं थांबल्यावर म्हणाले, "वा, बाई! संध्याकाळी सहाला अस्साच."

तिने शेजारी पाहिलं नाही. शेजारी पाहायचं नसतं.

रांगेत याला झाकणं म्हणतात. पहिल्याचा सूर गेला, तर शेजारी बसलेल्या दुसऱ्याने तो त्याच श्वासात आपल्या नळीतून काढायचा, श्रोत्यांना काय, संचालकांनाही कळता कामा नये. आणि झाकलं हे कुणापाशी कबूल करायचं नाही, ज्याचं झाकलं त्याच्यापाशी तर मरेपर्यंत नाही. हे तिला अण्णांनी शिकवलं होतं. अण्णा तिच्या आधी पहिल्या खुर्चीवर होते आणि ती दुसऱ्या. "बोलून दाखवलंस की उघडं पाडलंस," असं म्हणाले होते ते.

"बाई, तुम्ही दाबता," वैद्य म्हणाले. चहाची सुट्टी होती, तिघं खिडकीशी उभी होती. वैद्य म्हणजे रांगेतले तिसरे. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असे, म्हणून ते नाव. "मी तिकडून बघतो ना. तुमच्या कानशिलावरची शीर फुगते. ओठाला दाबून सूर येत नाही, आला तरी रागावून येतो."

"काका, तुम्ही वाजवता की शिरा मोजता?" रांगेतला दुसरा म्हणाला. चौतिशीचा, दाट भुवयांचा, तीन वर्षांपूर्वी लागलेला. तिला ताई म्हणायचा.

"तू हस. तुझा ओठ नवा आहे. झोपताना मध लावायचा, सकाळी पाच मिनिटं नुसत्या माउथपीसवर फुरफुर करायची आणि वर जाताना खालचा विचार करायचा. जिना चढताना आपण पायाकडेच बघतो ना?"

"मी मोबाइलकडे बघतो."

"म्हणून तर परवा पडलास."

ती हसली. हसताना कोपऱ्याकडे लक्ष होतं — हलतोय का, नीट हलतोय का. वैद्य हे रोजच बोलतात, वीस वर्षं बोलताहेत, मग आज ओठाचंच का काढलं? तिकडून त्यांना काय दिसलं? घाबरलेल्या माणसाचं हेच होतं, हवेत सोडलेला सल्लाही नेमका आपल्याच अंगावर येऊन बसतो... दुसरा चहात बिस्किट बुडवत होता आणि बिस्किट तुटायच्या आत बाहेर काढत होता, फार मन लावून.

तीन खोल्या, दोन मुली आणि एक नवरा असलेल्या घरात ट्रम्पेट वाजवणारी बाई गुपित किती दिवस ठेवू शकते, तर चार महिने. गेल्या आठवड्यात नवरा कांदा चिरता चिरता म्हणाला होता, "हल्ली वरचं वाजवत नाहीस का गं? बरं आहे, माझं डोकं शांत." गमतीतच म्हणाला होता. डोळ्यांना पाणी आलं होतं, पण ते कांद्याचं. तिने शेजाऱ्यांवर ढकललं — दुपारी झोपतात, तक्रार करतात. जो माणूस स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो त्याच्या लक्षात आलं. मग कुणाच्या येणार नाही?

तालीम संपल्यावर ती घरी गेली नाही.

अण्णा किल्ल्या करून देणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर राहत. जिन्यात खालच्या कानशीचा आवाज किरकिरत वर येत होता. दाराशी पोचेपर्यंत तिने वाक्य तीनदा जुळवलं — अण्णा, तुमच्या शेवटच्या वर्षी... नको, असं नको. अण्णा, एक विचारू का... पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी अण्णांचा ओठ गेला होता. एकतीस कार्यक्रम. एकतीस संध्याकाळी तिने अण्णांचे वरचे सूर आपल्या नळीतून काढले होते, त्यांच्या खांद्याचा झोक बघून, त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेऊन, आणि एकदाही, जिन्यात नाही, चहाला नाही, एका शब्दाने बोलली नव्हती. वर्षअखेर अण्णांनी खुर्ची सोडली. ती त्या खुर्चीवर बसली तेव्हा खुर्ची अजून कोमट आहे असं तिला उगाचच वाटलं होतं. आता तिला एवढंच विचारायचं होतं, की हवा जाते आणि सूर ऐकू येतो तेव्हा माणसाने काय करायचं? कसं बसून राहायचं?

अण्णा रुमालांना इस्त्री करत होते. एकावर एक चौकोनी घड्या. वाद्यातलं पाणी टिपायला दर कार्यक्रमाला दोन लागायचे, ती सवय राहिली असणार.

"ये, ये. ओठ कसा आहे?" बाकीचे लोक बरी आहेस ना विचारतात तसं हे.

"आहे," ती म्हणाली. "सून नाही घरी?"

"कामावर. संध्याकाळी पाहुण्यासारखी येते आणि मलाच चहा मागते." त्यांनी इस्त्री उभी केली. "बोल. उगाच नाही आलीस."

"अण्णा... तुमचं शेवटचं वर्ष. वरचे सूर. तेव्हा तुम्हाला कसं वाटायचं?"

तिला वाटलं होतं, ते खिडकीकडे बघतील, गप्प होतील. अण्णांचा चेहरा उजळला.

"ते वर्ष! अगं, माझं सगळ्यात चांगलं वर्ष ते. आधी जरा कोपरा फुरफुरायचा. झोप उडाली होती माझी. मग तूच म्हणालीस, आठवतं? मनातून काढून टाका, अण्णा. काढलं. आणि काय सांगू, सूर असा यायला लागला... फुंकायलासुद्धा लागायचं नाही गं."

खाली कानस थांबली.

तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मिश्कीलपणा कुठे आहे, पापणी कुठे लवते. ऐंशीचे डोळे, पाणावलेले, स्वच्छ. मस्करी करत नव्हते. की मलाच सांभाळून घेताहेत? मी एकतीस वेळा झाकलं, ते पंधरा वर्षं झाकताहेत? ती 'मनातून काढून टाका' म्हणाली होती हे खरं होतं. पण ते कंटाळून, बस पकडायच्या घाईत, पायरीवरून मागे न बघता.

"मग सोडलंत का?"

"चांगलं चाललंय तोवर उठावं. वाईट चालायला लागल्यावर लोक उठवतात." त्यांनी एक रुमाल तिच्या हातात ठेवला, ऊन ऊन. "तुझ्या ओठाला काही झालंय का?"

"नाही हो."

"झालं असेल तर मनातून काढून टाक," अण्णा म्हणाले, आणि पुढचा रुमाल पसरला.

जिना उतरताना तिने कठड्याला धरलं. येताना जी भीती होती ती ओळखीची होती — सूर येणार नाही, सातशे माणसांत नुसती फुस्स होईल, संचालक खाली मान घालून कागद चाळतील. ही नवीन होती आणि तिला तोंड नव्हतं. अण्णांना कळलंच नव्हतं. एकतीस संध्याकाळी त्या माणसाने माझा सूर स्वतःचा म्हणून ऐकला, घरी नेला, त्यावर झोपला. मग मी? आजचं मला कळलं, कारण हवा दातांवर लागली. पण कळलं नाही असं किती? दुसरा येऊन तीन वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ — सूर आपोआप उघडला होता, घरी येऊन तिने नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं होतं, अरे, आज काही जोरच लागला नाही! जोर लागला नाही... ती पदपथाच्या मध्येच उभी राहिली, मागून येणारी बाई पिशवीसकट तिच्यावर आदळली आणि "अहो, चला की!" म्हणाली. चांगल्या संध्याकाळी एकेक करून तिच्यापासून दूर होत होत्या. वाईट तेवढ्या नक्की तिच्या होत्या. उरलेल्यांचं कोण सांगणार?

सांगू शकणारा माणूस साडेपाचला रंगमंचामागच्या बोळात खोक्यावर बसून कळांना तेल देत होता.

"सकाळी तू झाकलंस," ती म्हणाली.

"काय, ताई?"

"शेवटच्या भागातला वरचा."

"छे. तुमचाच होता की."

"माझी नुसती हवा गेली."

"मला नाही ऐकू आली." त्याने एक कळ दाबली, सोडली.

"नियम ठेव बाजूला. मी विचारतेय ना? किती वेळा? मागच्या हिवाळ्यातपण?"

त्याने वर पाहिलं. तिला आज पहिल्यांदाच दिसलं, की याच्याही वरच्या ओठावर आपल्यासारखाच गोल वळ आहे, गुलाबी, भाजल्यासारखा.

"अण्णांना तुम्ही सांगितलं होतंत?"

"तुला कुणी..." पण वैद्यच ते, आणखी कोण. म्हणजे रांगेला सगळं माहीत होतं. रांगेला नेहमीच सगळं माहीत असतं. "नाही सांगितलं."

"मग मला का विचारता?"

हे हो होतं की नाही? तो नाही म्हणाला तरी ते नाही नव्हतं, नियमच तसा. आणि हो तो कधी म्हणणार नव्हता. कितीही विचारलं असतं तरी या बोळातून कुठलंच उत्तर निघालं नसतं.

"आज ट्रम्पेट मांडीवर ठेव," ती म्हणाली. "मोजणी संपली तरी. माझा सूर होईपर्यंत उचलायचं नाही."

"आणि नाही झाला तर?"

"तर नाही झाला."

"ताई, सातशे माणसं आहेत. तुमची खुर्ची..."

"माहितेय."

"तुम्ही घाबरलायत."

"हो," ती म्हणाली. चार महिन्यांत हा शब्द तिने नवऱ्याला सांगितला नव्हता, आरशाला सांगितला नव्हता. "फार."

आता हा काहीतरी सांगेल, पोटातून घ्या, पाणी प्या, खालचा विचार करा. त्याने सांगितलं नाही. तेलाची बाटली बंद करून म्हणाला, "मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी ओठ हलवून बघतो. बायको म्हणते, झोपेत कुणाशी बोलता?"

दोघंही हसली नाहीत. वैद्य बोळाच्या तोंडाशी येऊन "चला, चला" म्हणाले.

शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा सभागृह अंधारात होतं आणि कागदांवरचे दिवे तेवढे पिवळे. बावीस, तेवीस. व्हायोलिनं चढू लागली. एकेचाळीसला तिने नियम मोडला, शेजारी पाहिलं. ट्रम्पेट त्याच्या मांडीवर आडवं होतं, दोन्ही हात त्यावर, लहान मुलाला धरतात तसे. त्याच्या पलीकडे वैद्य समोर बघत होते. साठ. वहाणेतली बोटं आखडली होती, जीभ कोरडी. हे कोण झाकणार आहे? हे तर माझंच आहे, सगळं, अगदी पायाच्या नखापर्यंत. एकाहत्तर... चार महिने तिने फुंकताना कान मिटून घेतले होते — आता कळत होतं ते — सूर येईल की नाही या धास्तीत काय आलं ते ऐकलंच नव्हतं, शेजारून आलं की माझ्यातून, कसं कळणार, मी तिथे नव्हतेच. चौऱ्याऐंशी. आज हवा आली तर हवा. फुस्स आली, फाटकं, चिरकं काही आलं, तरी ते माझ्या नळीतून निघताना मला ऐकायचंय, सगळ्यांच्या आधी, अगदी जवळून. भीती कमी झाली नव्हती. उलट वर चढत होती, व्हायोलिनांबरोबर, छातीत, घशात. पण तिला एक दिशा आली होती, आणि ती त्या दिशेला कान लावून बसली होती, जिन्यात पावलं वाजल्यावर दाराआड उभं राहून ऐकावं तशी. नव्वद. एक्याण्णव. तिने माउथपीस ओठांना टेकवला. कोपरा फुरफुरला. ऐकतेय, ती त्याला म्हणाली... ब्याण्णव.