तुफानच्या हातातली स्टिक

मुलाखत वीस मिनिटं चालली आणि त्यातली पंधरा फोटो काढण्यात गेली.

हॉकी क्लबच्या मुलींच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकांनी गुडघेदुखीमुळे काम सोडलं होतं. त्यांच्या जागेसाठी दोन अर्ज आले. पहिला तुफानचा. तो खेळत होता तेव्हा चेंडू त्याच्या स्टिकला लागला की प्रेक्षक खुर्च्या सोडून उभे राहायचे, म्हणून लोकांनीच त्याला हे नाव दिलं होतं. मागच्या वर्षी तो निवृत्त झाला. दुसरा अर्ज वहीवाल्या सरांचा. क्लबात अकरा वर्षं सहायक प्रशिक्षक आणि काखेत कायम एक निळी वही. त्यांच्या मुलाखतीत फोटो कोणी काढला नाही. उलट अध्यक्षांनी मध्येच सांगितलं, "सर, जाता जाता चहाचं सांगता का?" पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं.

अर्जावर 'प्रशिक्षणाचा अनुभव' असा एक रकाना होता. तुफानने तो प्रामाणिकपणे कोरा ठेवला होता. अध्यक्षांनी खिशातलं पेन काढलं आणि त्यात स्वतःच लिहिलं, 'दोनशे बारा गोल'. समितीने माना डोलावल्या.

वाचकहो, हसू नका. गोड गळ्याच्या माणसाला आपण संस्थेचा कारभार देतो, उत्तम भाषण करणाऱ्याच्या हाती शाळा सोपवतो आणि नंतर गाडं अडलं की नशिबाला बोल लावतो. समितीतली माणसं आपल्यातलीच होती.

नेमणुकीच्या पत्रावर सही करायची होती चिटणिसांना, सोमवारी. चिटणिसांचं चष्म्याचं दुकान होतं. गावाच्या नजरेचे नंबर काढणारा हा माणूस त्या संध्याकाळी घरी आला तो चाचपडतच. पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून तो नुसता बसून राहिला.

त्याची थोरली बहीण मोटार चालवायला शिकवायची. तेवीस वर्षं तिचा हाच धंदा. तिने पत्र वाचलं, मग अर्ज वाचला.

"हे दोनशे बारा गोल अनुभवाच्या रकान्यात कुणी लिहिले?"

"अध्यक्षांनी. ताई, एवढा मोठा खेळाडू आपणहून येतोय. नाही कसं म्हणायचं?"

"नाही म्हण असं कुठं म्हणाले मी? त्याला शिकवता येतं का, एवढं विचारलंत का?"

चिटणिसांनी नकारार्थी मान हलवली.

"माझ्या गाडीत माझ्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो, ठाऊक आहे ना?" ताई म्हणाली. "पहिल्या वर्षी मी तो सारखा दाबायचे. स्टिअरिंगही ओढून घ्यायचे. गाडी मला झकास यायची ना! पण माझी पोरं परीक्षेत धडाधड नापास. आपल्याला येणं वेगळं आणि आपले हात आवरून दुसऱ्याला येईपर्यंत थांबणं वेगळं. ते मला कळायला दोन वर्षं लागली. त्याला लागणार नाहीत?"

"आणि तोवर मुलींच्या संघाचं काय?" चिटणीस म्हणाले. "पुढच्या हंगामात हरल्या तर वरच्या गटातून बाहेर जातील."

"मग सही करायच्या आधी बघ की. डोळे तपासल्याशिवाय तू कुणाला चष्मा देतोस का?"

चिटणिसांनी रात्रीच दोघांना फोन लावला. रविवारी एकेक तास मुलींचा सराव घ्या, म्हणाले. अध्यक्ष भडकले. "तुफानची परीक्षा घेणार तुम्ही?" तुफान मात्र सहज म्हणाला, "घेऊ की. त्यात काय?"

रविवारी मैदानाच्या कडेला सगळी समिती हजर. संघात एक मुलगी होती, सगळ्यांत बुटकी, म्हणून मैत्रिणी तिला ठेंगू म्हणत. पेनल्टी कॉर्नरला तिचा फटका नेहमी गोलवरून जायचा. तुफानने सुरुवात तिच्यापासूनच केली.

"मनगट असं फिरव. असं नाही, असं. अगं, चेंडू आपोआप कळतो हाताला. आण इकडं."

त्याने तिची स्टिक घेतली आणि गोल मारला. काय फटका होता! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठेंगूनेही वाजवल्या. तिने पुन्हा मारलं, पुन्हा वरून गेलं. "आण इकडं." पुन्हा गोल, पुन्हा टाळ्या. तास संपला तेव्हा तुफानचे नऊ गोल झाले होते आणि ठेंगूचा एकही नाही.

मग वहीवाले सर आले. हातात स्टिक नव्हती. त्यांनी वही उघडली.

"ठेंगू, गुरुवारी तुझं डावं पाऊल मागे राहत होतं. आजही राहतंय. वीतभर पुढे टाक. खांदा खाली."

पहिला फटका वरून गेला. दुसरा खांबाला लागला. सर नुसते थांबले. तिसरा आत गेला, आणि ठेंगू अशी काही उडाली की तिची स्टिक एकीकडे आणि ती दुसरीकडे.

तुफान सरळ सरांकडे गेला आणि त्याने वही मागितली. उभ्या उभ्या पाच-सहा पानं वाचली. एकेका मुलीचं एकेक पान होतं, पाऊल, श्वास, भीती, सगळं लिहिलेलं. मग तो चिटणिसांकडे वळला.

"माझ्या अर्जात तो रकाना मी कोरा ठेवला होता. आता काय आहे तिथं?"

चिटणिसांनी खालमानेने सांगितलं. तुफान मोठ्याने हसला.

"मग आजचे नऊ वाढवा त्यात. पण पोरीचा तो एक गोल सरांच्या नावावर लिहा. तो एक माझ्या नऊंपेक्षा जड आहे." मग जरा थांबून म्हणाला, "सर, एक वर्ष तुमच्या हाताखाली घ्याल मला?"

अध्यक्ष पुढे धावले. "अहो, तुम्ही सहायक? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी मला खेळताना पाहिलंय. शिकवताना मीसुद्धा स्वतःला आजच पाहिलं."

अकरा वर्षांत कुणी सरांची वही मागितली नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "उद्या सकाळी सहाला या. स्टिक आणू नका."

सोमवारी चिटणिसांनी सही केली ती सरांच्या नेमणुकीवर. हंगामात मुली वरच्या गटात टिकल्या. शेवटच्या सामन्याला ताईही आली होती. पेनल्टी कॉर्नर मिळाला तसा कडेला उभ्या तुफानचा उजवा हात पुढे आला, आणि त्याने तो दुसऱ्या हाताने धरून पाठीमागे नेला. ठेंगूने डावं पाऊल टाकलं. गोल.

"ब्रेक दाबायची सवय मोडली याची," ताई भावाच्या कानात म्हणाली.

तुफानच्या काखेत आता एक हिरवी वही असते. यंदा सहायक प्रशिक्षकाच्या कायम जागेसाठी त्याने अर्ज नव्याने भरला तेव्हा तो रकाना स्वतःच्या हाताने लिहिला, 'एक वर्ष, सरांकडे'. चिटणिसांनी त्यावर आनंदाने सही केली.

मित्रहो, मोठ्या माणसाला हार जरूर घाला, त्याचा मान जरूर ठेवा. पण त्याच्या अर्जातला कोरा रकाना आपल्या पेनाने भरू नका. तो त्याचा त्यालाच भरू द्या.