घराण्यात असलं काही नाही

धाकटीच्या बोटांना सूज आली की चार-सहा दिवसांत तिचं मनही खचायचं. हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं असेल, तर सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या. तोवर अकरा वर्षं घरात एकच निदान चालत आलं होतं, आणि ते ताईचं होतं: "कामचुकार आहे."

माहेरच्या घरातच दोघी बहिणींचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता; ताई रोज सासरहून यायची. ताई गिऱ्हाइकं सांभाळायची, पुठ्ठे कापायची. छापून आलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्यानं शिवायचं काम धाकटीचं. टाका असा की पुस्तक फाटेल पण शिवण उसवणार नाही. पण वर्षातून दोन-तीनदा सकाळी तिची मूठच वळायची नाही, आणि मग अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही. जेवण नको, बोलणं नको. ताई दारात उभी राहून म्हणायची, "आम्हाला नाही का गं कंटाळा येत? मनाला जरा लगाम घाल." धाकटीला ते पटायचंही. एक चांगलं स्थळ तिनं आपणहून मोडलं. आपलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात कशाला, म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पुढ्यात ठेवला. "अंगात सूज धुमसत राहिली की तिची झळ मेंदूपर्यंत पोचू शकते. सगळ्यांचीच मनं त्यानं खचत नाहीत. काहींना आईबापांकडून आलेल्या जनुकांमुळे ती झळ जास्त लागत असावी. नुसत्या जनुकांनी सगळं ठरत नाही, नुसत्या सुजेनंही नाही. घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"कुणालाच नाही."

"नीट विचारून या. कुणाला एखादं औषध लागू पडलं असेल, तर आपल्याला धागा मिळेल."

तिनं ताईला विचारलं. ताईनं पुठ्ठ्यावरची नजरही उचलली नाही. "आपल्या घराण्यात असलं काही नाही. तुला निमित्त हवंय झालं."

धाकटी तेच लिहून देणार होती. पण दवाखान्याच्या फॉर्मवर आईच्या आजारपणांचा रकाना होता, आणि आई जाऊन वीस वर्षं झालेली. म्हणून ती मावशीकडे गेली. मावशी मटार सोलत बसली होती.

"तुझ्या आईची बोटं आठवत नाहीत? वाकडी झाली होती. महिना महिना भिंतीकडे तोंड करून पडायची बिचारी. तू लहान, तुला सांगायचो ताप आलाय. मग ताईचंही तेच झालं."

"ताईचं?"

"बाळंतपणानंतर सहा महिने माझ्याकडेच नव्हती का? अजून गोळ्या घेते की." मावशीचा हात थांबला. "तुला ठाऊक नाही?"

धाकटीला सांगितलं होतं की ताईचं दूध कमी पडतंय, म्हणून तिला मावशीकडे ठेवलंय. ते सहा महिने कारखाना तिनं एकटीनं ओढला होता.

ती तशीच परत आली. "ताई, गोळ्या कधीपासून घेतेस?"

ताईचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"कधीपासून?"

"चौदा वर्षं."

"म्हणजे मी पहिल्यांदा पडले, तेव्हा तुला कळलं होतं मला काय झालंय."

"तुझ्या दुखण्याचं नाव निघालं असतं, तर माझ्याही दुखण्याचं निघालं असतं. सासरी मला कुणी उभं केलं नसतं गं."

"मग गप्प बसायचंस. कामचुकार कशाला म्हणालीस?"

ताई पुठ्ठ्याची कड चाचपू लागली. "तुला तसं म्हटलं की वाटायचं, मी तुझ्यासारखी नाही."

धाकटीनं आपल्या सुया, मेण आणि दाभण पिशवीत भरलं आणि महिनाअखेर एका छापखान्यात शिवणीचं काम धरलं. डॉक्टरीणबाईंनी सुजेवर उपचार सुरू केले आणि तिला मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. ताईनं न सांगता आपल्या औषधांचे जुने कागद पाकिटातून पाठवून दिले. त्यांतलं एक औषध डॉक्टरांनी धाकटीला देऊन पाहिलं, आणि ते तिलाही मानवलं. दीड महिन्यात ती सकाळी आपणहून उठू लागली. बरं वाटू लागलं तसा राग मात्र वाढत गेला. हे औषध अकरा वर्षं शेजारच्या खोलीत, ताईच्या कपाटात होतं.

ताई अधूनमधून फोन करते. "आता बरं वाटतं ना?"

"वाटतं," धाकटी म्हणते आणि पुढचं काही न विचारता फोन ठेवते.