उपाशीपोटीची साखर

सकाळी साडेसहाला १८६. काल १७८, परवा १७१. मी वहीत आकडा लिहिला आणि पेन टेबलावर आपटलं.

"काय खाल्लंत?"

"काही नाही गं." आमचे हे टोचलेल्या बोटावर कापूस दाबून बसले होते.

"मग साखर काय आकाशातून पडली?"

हे गप्प. यांच्या या गप्प बसण्याचा मला तीस वर्षांपासून संताप येतो. एकटीने भांडून भांडून किती भांडणार?

हे लिफ्ट दुरुस्त करतात. उंच इमारतींत, लिफ्टच्या टपावर उभं राहून. वर्षातून एकदा डॉक्टरांनी सही केली तरच तिथे चढता येतं, नाहीतर स्टोअरमध्ये बसून दुसऱ्यांना नटबोल्ट काढून द्यायचे. तपासणीला तीन आठवडे उरले होते. नुसतं स्टोअरचं नाव काढलं तरी यांचा चेहरा उतरायचा.

मी शिवणकाम करते. म्हणून बंदोबस्तही मापानेच केला. साखरेच्या बरणीवर शिवणाच्या खडूने रेघ मारली. बिस्किटांच्या डब्याभोवती दोरा गुंडाळला आणि माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही अशी गाठ मारली. रात्रीचं जेवण निम्मं केलं. आकडा वाढला. निम्म्याचं निम्मं केलं. तरी वाढला. शेवटी नुसतं सूप आणि काकडी. दुसऱ्या दिवशी १९४!

बरणीची रेघ जागच्या जागी, डब्याची गाठ जशीच्या तशी. म्हणजे बाहेर खातात, दुसरं काय? मी यांच्या कामाच्या पिशव्या उलट्या केल्या, शर्टांचे खिसे हुंगले. ग्रीसचा वास आला, बाकी काही नाही.

"एकदा खरं सांगून टाका," मी दारात आडवी उभी राहिले. "मी काही बोलणार नाही." हे खोटं होतं, मी बोलणारच होते.

हे बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "कामावर एकाचा वाढदिवस होता. केक खाल्ला. दोन तुकडे."

मला इतकं हायसं वाटलं की ओरडायचं राहूनच गेलं. वहीत लाल पेनने लिहिलं, 'केक, दोन तुकडे', आणि यांना न घेताच, जिची सही लागते त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ती नोंद वाचली. "खाणं आवरत नसेल तर गोळी वाढवावी लागेल," म्हणाल्या. साखरेची रात्रीची अर्धी गोळी एक झाली. जेवण मी किती कमी केलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चोराची तक्रार घेऊन गेलेली मी, माझ्याबद्दल कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात २१२. मग २२१. सकाळी यांचं डोकं दुखायचं, उशीचा अभ्रा घामाने ओला असायचा. मी रोज अभ्रा बदलत होते आणि उकाड्याला शिव्या घालत होते. एकदा कप उचलताना यांचा हात थरथरला, तर मी म्हणाले, "चोरी पचत नाही वाटतं!"

ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आकडे बघून डॉक्टरीणबाईंनी यांच्या दंडावर रात्रंदिवस साखर मोजणारा सेन्सर चिकटवला. तपासणीच्या दिवशी आम्हा दोघांसमोर त्याचा कागद ठेवला. रेघ खड्ड्यात पडून पुन्हा वर चढली होती.

"पहाटे तीनला बावन्न," त्या म्हणाल्या. "तिथून चढत गेलीय."

"तीन वाजता काय खातात हे?"

"काहीही नाही. साखर इतकी खाली गेली की शरीर घाबरतं. स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन नावाचं संप्रेरक निघतं, अ‍ॅड्रेनलिनही धावून येतं. दोघं यकृताला सांगतात, साठवलेली साखर सोड. यकृत सोडतं. त्यात पहाटे उठायच्या तयारीला शरीर तशीही साखर वाढवतंच. यांचं इन्सुलिन कमी पडतं, त्यामुळे चढलेली उतरत नाही. तो घाम, ती थरथर, सगळं त्यातलंच. रात्री जेवतात किती?"

"सूप," मी म्हणाले. "आणि काकडी."

त्यांनी चष्मा काढला. "आणि वर मी गोळी वाढवली! मी विचारायला हवं होतं. पण अहो, तुम्ही जेवायला घातलं नाहीत म्हणून यांच्या यकृताने घातलं." मग वहीची पानं उलटून लाल नोंदीवर बोट ठेवलं. "हा केक तरी कधीचा?"

"केक नव्हता," हे म्हणाले.

"मग सांगितलात कशाला?" माझा आवाज चढलाच.

"तू रोज विचारायचीस. मी रोज खरं सांगायचो. ते तुला चालत नव्हतं." हे बाहीचं बटण फिरवत होते. "केक म्हणालो, तर त्या दिवशी तू किती दिवसांनी पोटभर जेवलीस."

मी डॉक्टरीणबाईंसमोरची वही ओढून मिटली. 

गोळी पुन्हा अर्धी झाली, रात्रीचं जेवण पूर्ण झालं. सही मात्र झाली नाही. साखर अशी पडली आणि हे तेव्हा लिफ्टच्या टपावर असले तर? महिनाभर आकडे बघू, मग ठरवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, म्हणून आणखीच चीड आली.

"सोमवारपासून स्टोअर," एवढंच हे घरी येताना म्हणाले. मी चिडले होते. न विचारणाऱ्या डॉक्टरीणबाईंवर, खोटं बोलणाऱ्या यांच्यावर, न बोलणाऱ्या त्या यकृतावर. स्वतःवर तर सगळ्यात जास्त, पण तिथे ओरडून उपयोग नव्हता.

घरी आल्या आल्या बरणीवरची रेघ ओल्या फडक्याने पुसली. डब्याचा दोरा कात्रीने कापला. संध्याकाळी पूर्ण ताट वाढलं. यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढं सगळं?"

"जेवा गुमान." मग मी डाव खाली ठेवला. "माझं चुकलं हो."

हे एक घास जेवले. "वहीत लिही," म्हणाले.

थट्टा करतात असं वाटलं, पण हे हसत नव्हते. मी वही आणली, तारीख टाकली आणि लिहिलं. यांनी मान वाकवून सगळं वाचलं.

"केकही खोड."

मी लाल पेन घेतलं आणि केकवर दोन रेघा मारल्या, एकेका तुकड्याला एक.